न पाहिलेल्या शेताची साक्ष

कृषिविज्ञानाच्या नियतकालिकासाठी शोधनिबंधाचे हस्तलिखित सिद्ध करणे हे काम बहुधा तंत्राचे मानले जाते. गोषवारा किती शब्दांचा असावा, तक्ते कसे मांडावेत, संदर्भसूची कोणत्या पद्धतीने लावावी, याच्या सूचना प्रत्येक नियतकालिक देते आणि त्या पाळल्या की हस्तलिखित तयार झाले, असा समज विद्यार्थ्यांप्रमाणे मार्गदर्शकांतही रुजलेला दिसतो. परंतु या सूचनांच्या मुळाशी जो प्रश्न आहे, तो भारतीय तत्त्वज्ञानाने फार पूर्वी आणि फार काटेकोरपणे विचारलेला आहे: जे स्वतः पाहिलेले नाही ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून खरे मानावे काय, आणि मानायचे तर कोणत्या अटींवर? राहुरीच्या किंवा अकोल्याच्या प्रक्षेत्रावर तीन हंगाम चाललेला प्रयोग वाचकाने पाहिलेला नसतो आणि तो मागाहून पाहण्याची सोयही नसते, कारण पीक कापले गेलेले असते, वाफे मोडलेले असतात आणि त्याच जमिनीत दुसरे काही उभे असते. मागे उरतो तो लेखकाचा शब्द, आणि त्या शब्दावर विसंबून पुढचा संशोधक आपला प्रयोग आखतो, विद्यापीठ शिफारस करते, आणि शेवटी कोणी शेतकरी आपल्या दोन एकरांत खताची मात्रा ठरवतो.

दुसऱ्याच्या शब्दातून होणाऱ्या ज्ञानाच्या साधनाला न्यायदर्शनाने शब्दप्रमाण म्हटले. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला गौतमाच्या न्यायसूत्रांनी शब्दाला स्वतंत्र स्थान दिले, मात्र ते सरसकट कोणाच्याही शब्दाला दिले नाही. आप्ताच्या शब्दालाच दिले. आप्त हा शब्द आज मराठीत नातेवाइकासाठी वापरला जातो, पण शास्त्रात त्याचा अर्थ विश्वासास पात्र असलेला वक्ता असा आहे. सूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने ही पात्रता उलगडून सांगितली आहे: ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे, जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, आणि त्या इच्छेने जो सांगण्यास प्रवृत्त झाला आहे, तो आप्त. एवढ्यावर न थांबता भाष्यकार असेही नोंदवतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते. ज्या समाजात कोणाच्या शब्दाला किती वजन हे जन्मावरून ठरत होते, त्या समाजात शब्दाच्या प्रामाण्याची कसोटी वक्त्याच्या कुळापासून सोडवून त्याच्या पाहण्याशी आणि सांगण्याशी जोडणे, हे असामान्य बौद्धिक धैर्य होते. लेखकाचे नाव आणि संस्था समीक्षकापासून झाकून ठेवण्याची जी प्रथा अनेक नियतकालिके आज पाळतात, तिच्यामागचे तत्त्व याहून वेगळे नाही.

हे तत्त्व सुटले म्हणजे काय होते, याचे विसाव्या शतकातले सर्वांत दुःखद उदाहरण कृषिविज्ञानातलेच आहे. सोव्हिएत संघात त्रोफीम लिसेंको यांचे गव्हाच्या वसंतीकरणाविषयीचे, म्हणजे बियाण्याला थंडी देऊन त्याचा विकासक्रम बदलण्याविषयीचे दावे नीट तुलनात्मक चाचण्या न होताच विस्तीर्ण क्षेत्रावर लादले गेले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये तिथल्या कृषिविज्ञान अकादमीच्या अधिवेशनात मेंडेलप्रणीत अनुवंशशास्त्र अधिकृतपणे त्याज्य ठरवण्यात आले. जगभरातून पिकांचे बियाणे गोळा करून ठेवणारे निकोलाय वाविलोव्ह यांना त्याआधीच, १९४० मध्ये, अटक झाली होती आणि १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. तिथे शब्द मानला गेला तो सत्तेच्या जवळिकीवरून. बोलणाऱ्याने काय आणि कसे पाहिले, हा प्रश्न विचारणेच धोक्याचे झाले होते. न्यायदर्शनाच्या भाषेत सांगायचे तर आप्तत्वाची परीक्षा बंद पडली आणि तिची जागा अधिकाराने घेतली.

सत्य सांगणे म्हणजे नेमके काय, याचे आणखी बारीक विवेचन योगसूत्रांवरील व्यासभाष्यात यमांच्या, म्हणजे आचरणाच्या संयमांच्या, प्रकरणात आढळते. जसे पाहिले, जसे अनुमानिले, जसे ऐकले, तसेच मन आणि वाणी असणे म्हणजे सत्य, असे सांगून भाष्यकार वाणीचे तीन दोष दाखवतो. ती वंचक असू नये, म्हणजे ऐकणाऱ्याला फसवणारी असू नये. भ्रांत असू नये, म्हणजे बोलणाऱ्याच्याच चुकीच्या समजुतीतून आलेली असू नये. आणि प्रतिपत्तिवंध्या असू नये, म्हणजे ऐकणाऱ्याच्या ठिकाणी बोध उत्पन्न करण्यास असमर्थ असू नये. पहिले दोन दोष कोणालाही पटतील. तिसरा मात्र विचार करायला लावणारा आहे, कारण तो दुर्बोध आणि अपुऱ्या बोलण्याला शैलीचा दोष न मानता सत्याचाच भंग मानतो. शोधनिबंधाच्या हस्तलिखितांत वंचना त्या मानाने विरळ असते, भ्रांती बरीच असते, आणि वंध्य वाणी तर जागोजागी असते. ‘शिफारस केल्याप्रमाणे पाणी दिले’ असे लिहिणारा लेखक खोटे बोलत नाही; पण किती पाळ्या दिल्या, पिकाच्या कोणत्या अवस्थेत दिल्या, प्रत्येक पाळीत किती सेंटिमीटर पाणी बसले आणि ते कसे मोजले, हे न कळल्यामुळे परभणीत बसलेल्या वाचकाला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. ज्या वाक्यावरून कृती करता येत नाही आणि ज्याची परीक्षाही घेता येत नाही, ते वाक्य व्याकरणाने शुद्ध असूनही भाष्यकाराच्या अर्थाने सत्यापासून ढळलेले असते.

अनुमानाचे दोन प्रकार भारतीय तर्कशास्त्राने मानले. स्वतःची खात्री पटण्यासाठी मनात होते ते स्वार्थानुमान, आणि दुसऱ्याला पटवण्यासाठी शब्दांत मांडले जाते ते परार्थानुमान. नैयायिकांच्या मते परार्थानुमानाला पाच अवयव लागतात: काय सिद्ध करायचे त्याची प्रतिज्ञा, त्याचे कारण सांगणारा हेतू, नियम दाखवणारे उदाहरण, तो नियम प्रस्तुत ठिकाणी लावणारा उपनय, आणि अखेरचे निगमन. हस्तलिखित तयार करणे म्हणजे स्वार्थाचे परार्थात रूपांतर करणे होय. प्रयोग करणाऱ्याची खात्री अनेकदा महिनोन्महिने शेतात वावरल्याने झालेली असते. पानांचा रंग, कणसाचा भरणा, ओंबी हातात घेतल्यावर लागणारे वजन, यांतून त्याला उत्तर आधीच कळलेले असते. ते कळणे खोटे नसते, पण दुसऱ्याच्या हाती देता येईल असेही नसते. प्रस्तावना, साहित्य व पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा ही आजची चौकट त्या खाजगी खात्रीला सार्वजनिक वाट काढून देते. पंचावयवांशी तिची तुलना फार ताणू नये हेही खरे, कारण न्यायातले निगमन म्हणजे सिद्ध झालेली प्रतिज्ञाच असते, तर शेतातला प्रयोग लेखकाच्या प्रतिज्ञेविरुद्ध कौल देऊ शकतो आणि तो तसाच छापला गेला पाहिजे.

या सर्व विवेचनाचा सर्वांत अवघड सांधा व्याप्तीचा आहे. व्याप्ती म्हणजे दोन गोष्टींचे अव्यभिचारी साहचर्य, जसे जिथे धूर तिथे अग्नी. याउलट जिथे अग्नी तिथे धूर, असे म्हणता येत नाही, कारण धूर निघण्यासाठी ओले सरपण लागते. साहचर्य खरे भासवणाऱ्या अशा मागच्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. शेतातल्या प्रयोगाला उपाधींनी वेढलेलेच असते. ज्या वाफ्यात नवे खत दिले तो वाफा पाटाच्या तोंडाशी असेल, किंवा तिथे दहा वर्षांपूर्वी उकिरडा असेल, किंवा बांधावरच्या बाभळीची सावली शेजारच्या वाफ्यावर पडत असेल, तर जास्त आलेले उत्पादन खताचे म्हणावे की त्या जागेचे? आणि माहीत असलेल्या उपाधी टाळता आल्या, तरी माहीत नसलेल्यांचे काय? चार्वाकांनी अनुमानावर घेतलेला मुख्य आक्षेप हाच होता की न दिसलेल्या उपाधीची शंका कधीच फिटणार नाही. नैयायिक उदयनाचार्यांनी त्याला असे उत्तर दिले की शंकेलाही मर्यादा असते आणि ती मर्यादा माणसाच्या स्वतःच्या वागण्याशी विरोध येतो तिथे लागते; धुराची गरज पडल्यावर विस्तव पेटवायला जाणाऱ्याने त्या दोहोंच्या संबंधावर शंका घेण्यात अर्थ उरत नाही.

इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे या शंकेला एक निराळेच उत्तर सापडले. जॉन बेनेट लॉझ आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये तिथे ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गव्हावरील खतांचा प्रयोग सुरू केला आणि तो आजही चालू आहे. १९१९ मध्ये तिथे आलेल्या संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्यापुढे या प्रयोगाच्या कित्येक दशकांच्या नोंदी होत्या, आणि १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी त्यांचे विश्लेषण मांडले. उत्पादनातला काही फरक हवामानाचा होता, काही जमिनीच्या हळूहळू झालेल्या झिजेचा होता, पण काही संथ चढउतार यांपैकी कशानेही उलगडत नव्हते. फिशर यांनी ते तणांशी जोडले, आणि तणांचा संबंध हाताने खुरपणी करणाऱ्या मुलांशी लावला: १८७६ च्या शिक्षण कायद्यानंतर ही मुले शाळेत जाऊ लागली आणि शेत तणाने भरू लागले, असे त्यांनी सुचवले. खत किती घातले याच्या नोंदी वर्षानुवर्षे काटेकोर ठेवल्या गेल्या होत्या. मुलांचे हात मात्र प्रयोगाचा भाग मानले गेले नव्हते. उपाधी कुठे दडून बसते याचे इतके बोलके उदाहरण कोणत्याही तर्कग्रंथात सापडणे कठीण आहे.

यावर फिशर यांनी १९२६ च्या लेखात आणि पुढे १९३५ च्या ग्रंथात जी पद्धत सांगितली तिचे मर्म असे की कोणत्या वाफ्याला कोणती प्रक्रिया द्यायची हे संशोधकाने ठरवू नये, ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. यालाच यादृच्छिकीकरण म्हणतात. त्याच्या जोडीला प्रत्येक प्रक्रियेची पुनरावृत्ती करावी आणि सारख्या जमिनीचे वाफे एका गटात घ्यावेत. अज्ञात उपाधी यामुळे नाहीशा होत नाहीत. त्या कोणत्याही एका प्रक्रियेच्या बाजूने पक्षपात करणार नाहीत अशा रीतीने विखुरल्या जातात, आणि त्यांच्यामुळे किती फरक पडू शकतो याचा अंदाज त्याच प्रयोगातून काढता येतो. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावताना माणूस निर्णय आपल्या हातून काढून देवाच्या हाती देतो. इथे तो कोणाच्याच हाती दिला जात नाही. परंतु आपल्या इच्छेवर आपलाच विश्वास नसणे, ही नम्रता दोन्हीकडे आहे, आणि हस्तलिखितात ‘यादृच्छिक गट पद्धत वापरली’ हे वाक्य लिहिताना लेखक प्रत्यक्षात या नम्रतेची ग्वाही देत असतो. चिठ्ठ्या न टाकता सोयीने वाफे वाटून घेतले आणि तरी हे वाक्य लिहिले, तर ती साधी तांत्रिक चूक राहत नाही.

वंचना आणि भ्रांती यांच्यामध्ये एक अरुंद जागा आहे, आणि तिच्याकडे लक्ष वेधण्याचे श्रेय एका मराठी शास्त्रज्ञाला जाते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक उत्पादनाच्या अंदाजाची पद्धत बसवत होते. त्या काळी संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाहणीत अगदी लहान आकाराचे तुकडे कापून त्यावरून उत्पादन काढले जाई, कारण त्यात वेळ आणि पैसा वाचे आणि अधिक ठिकाणी जाता येई. सुखात्मे यांनी तुलना करून दाखवले की तुकडा जितका लहान, तितके उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त भरते. याचे कारण साधे पण खोल आहे. दोरी ताणून आखलेल्या हद्दीवर काही ताटे अशी येतात की ती आत धरावीत की बाहेर, हे कापणाऱ्याला ठरवावे लागते, आणि त्याचा हात ताट आत ओढण्याकडे झुकतो. एक मीटर लांबीरुंदीच्या चौरसात प्रत्येक चौरस मीटरमागे हद्दीची लांबी ४ मीटर पडते. १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद अशा तुकड्यात तीच ०.६ मीटर पडते. हद्द जितकी जास्त, तितके असे झुकण्याचे प्रसंग जास्त. आज महाराष्ट्रात गावोगावी पीक कापणी प्रयोग होतात आणि पीकविम्याची भरपाई त्यांवर अवलंबून असते, तेव्हा तुकड्याचा आकार आणि हद्दीवरच्या ताटांचा नियम यांना मिळालेले महत्त्व तुकड्याच्या आकाराविषयीच्या या मतभेदात रुजलेले आहे.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने इथे लक्षात घेण्यासारखे हे की कापणारा माणूस कोणालाही फसवत नाही, आणि एखाद्या विशिष्ट ताटाबाबत त्याची चूक झाली असेही दाखवता येत नाही. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर समर्थनीय असतो. सर्वांची बेरीज मात्र असत्य असते. ग्रेगोर मेंडेल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाटाण्यावरील प्रयोगांचे आकडे अपेक्षित प्रमाणाच्या अवाजवी जवळ आहेत, असे फिशर यांनी १९३६ मध्ये दाखवले तेव्हाही प्रश्न याच जातीचा होता, आणि काय यायला हवे हे ठाऊक असलेल्या एखाद्या सहायकाच्या हातून ते घडले असावे असे त्यांनी मानले. त्यावरचा वाद पुढे बराच काळ चालला. आप्ताच्या लक्षणात ‘जसे जाणले तसे सांगण्याची इच्छा’ आहे, पण इच्छा प्रामाणिक असूनही हात झुकतो. म्हणूनच हस्तलिखितात सीमेवरच्या किती ओळी सोडल्या, स्थूल वाफा केवढा होता आणि त्यातून कापणीसाठी घेतलेला निव्वळ वाफा केवढा होता, हे लिहिण्याचा आग्रह असतो. लेखकाने स्वतःच्या हातावर कोणते बंधन घातले होते, याचा तो पुरावा आहे. विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांनी लिहिलेले आणि १९५४ मध्ये कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केलेले सांख्यिकीचे पुस्तक भारतातील शेतीच्या असंख्य प्रबंधांच्या संदर्भसूचीत आढळते. ते जितक्यांनी उद्धृत केले तितक्यांनी वाचले असते, तर बऱ्याच हस्तलिखितांचे भले झाले असते.

आकड्यांच्या बाबतीत असत्य आणखी एका शांत वाटेने शिरते. समजा, निव्वळ वाफा २० चौरस मीटरचा आहे आणि ज्या काट्यावर धान्य तोलले त्यावर ५० ग्रॅमच्या खुणा आहेत. वाफ्याचे धान्य ३.७० किलो भरले तर ५०० ने गुणून हेक्टरी १८.५० क्विंटल येते. पण काट्यावरची एक खूण इकडची तिकडे झाली तर हेक्टरी पाव क्विंटलाचा फरक पडतो. असे असताना तक्त्यात १८.४९७ असा आकडा छापला जातो, तेव्हा त्यातला शेवटचा अंक काट्याने सांगितलेला नसतो. तो संगणकाने सरासरी काढताना दिलेला असतो. जे पाहिले नाही ते पाहिल्यासारखे सांगणे, एवढाच याचा अर्थ होतो, आणि तो करणाऱ्याला त्याची जाणीवही नसते.

न दिसण्याविषयी मीमांसकांनी जो विचार केला, तो तर शोधनिबंधाच्या लेखकांसाठीच केला असावा असे वाटते. कुमारिल भट्टांच्या परंपरेने आणि अद्वैत वेदान्ताने अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे अभाव जाणण्याचे स्वतंत्र प्रमाण मानले: जमिनीवर घडा दिसत नाही, त्यावरून तिथे घडा नाही हे कळते. पण त्यांनी लगेच अट घातली की ही अनुपलब्धी योग्य असली पाहिजे, म्हणजे वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असली पाहिजे. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असे ठरत नाही. आता शेतातला प्रयोग घ्यावा. समजा, रब्बी ज्वारीला नत्राची शिफारशीत मात्रा दिलेल्या वाफ्यांचे उत्पादन हेक्टरी १८.५ क्विंटल आले, तीनचतुर्थांश मात्रा दिलेल्यांचे १७.० क्विंटल आले, आणि क्रांतिक फरक, म्हणजे दोन सरासऱ्यांतला जो फरक ओलांडल्यावरच तो योगायोगाचा नव्हे असे मानायचे, तो ३.१ क्विंटल निघाला. दोन सरासऱ्यांतला फरक १.५ चा असल्याने लेखक लिहितो की दोन्ही मात्रा बरोबरीच्या आहेत आणि म्हणून एकचतुर्थांश नत्र वाचवता येईल. परंतु ज्या प्रयोगाला तीन क्विंटलांखालचा फरक दिसूच शकत नव्हता, त्याने दीड क्विंटलाचा फरक नाही असे सांगणे म्हणजे अंधारात घडा नाकारणे होय. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते दीड क्विंटल खरे असू शकतात, आणि ते जातील ते त्याच्या घरातून जातील. ‘फरक आढळला नाही’ आणि ‘फरक नाही’ या दोन वाक्यांतले अंतर प्रयोगाच्या क्षमतेचे असते, आणि ते अंतर लेखकाने स्वतः सांगितल्याशिवाय वाचकाला कळत नाही.

शोधनिबंधाच्या अखेरीस जो निष्कर्ष येतो, तिथे जैनांचा स्याद्वाद उपयोगी पडतो. स्यात् या शब्दाचा अर्थ ‘कदाचित’ असा घेऊन या वादाला संशयवाद समजण्याची चूक पुष्कळदा झाली आहे. जैन तार्किकांच्या मते स्यात् म्हणजे ‘एका विशिष्ट दृष्टीने’. ज्या दृष्टीने विधान केले त्या दृष्टीने ते निश्चितच असते, फक्त ती दृष्टी विसरून ते सर्वत्र लावले की असत्य होते. मध्यम काळ्या जमिनीत, कोरडवाहू रब्बी हंगामात, मोहोळला निवडलेल्या मालदांडी ३५-१ या ज्वारीच्या वाणावर जे दिसले, ते त्या जमिनीपुरते आणि त्या हंगामापुरते निःसंशय आहे. तेच वाक्य ‘ज्वारीला अमुक मात्रा फायदेशीर ठरते’ असे झाले की त्यातली जमीन, पाऊस आणि वाण गळून पडतात आणि दिसायला अधिक भारदस्त झालेले विधान आतून पोकळ होते. महाराष्ट्रातील चारही कृषी विद्यापीठांच्या शिफारशी ज्या संयुक्त बैठकीत, बोलीभाषेत ‘जॉइंट अ‍ॅग्रेस्को’त, तपासून मंजूर होतात, तिथल्या शिफारशींच्या वाक्यांत विभाग, जमीन, हंगाम आणि पेरणीची वेळ यांचा जो लांबलचक उल्लेख येतो, तो ऐकायला कंटाळवाणा असला तरी स्यात् या एका शब्दाचा तो प्रामाणिक विस्तार आहे. पदोन्नतीसाठी आणि पदवीसाठी निबंधांची संख्या व नियतकालिकाचे गुणांकन मोजले जाऊ लागल्यापासून हा विस्तार कापून टाकण्याचा मोह वाढला आहे, हे मात्र मान्य करावे लागते.

लेखक आणि समीक्षक यांच्यातील व्यवहारालाही न्यायसूत्रांची वर्गवारी लागू पडते. तत्त्व कळावे म्हणून होते ती चर्चा म्हणजे वाद, जिंकण्यासाठी होते ती जल्प, आणि स्वतःची कोणतीही बाजू न मांडता समोरच्याची फक्त पाडण्यासाठी होते ती वितंडा. समीक्षकाच्या शेऱ्यांना उत्तर देताना ‘सूचनेनुसार बदल केला’ असे लिहून प्रत्यक्षात काहीच न बदलणारा लेखक जल्पात शिरलेला असतो. पूर्वपक्ष त्याच्या समर्थकालाही पटेल इतक्या ताकदीने मांडून मग सिद्धान्त सांगण्याची भारतीय शास्त्रग्रंथांची रीत त्याने आठवावी. आधीच्या संशोधनाचा आढावा म्हणजे आपल्याशी सहमत असणाऱ्यांची यादी, असे रूप त्या भागाला आले आहे, ते या रीतीच्या नेमके उलटे आहे.

आप्ताची पहिली अट मात्र अजून पुरती तपासलेली नाही. साक्षात जाणले ते कोणी? निबंधावर ज्यांची नावे असतात, त्यांपैकी कितीजण कापणीच्या दिवशी वाफ्यात उभे होते? इंग्रजी निबंधांतला कर्मणी प्रयोग आणि मराठी अहवालांतले ‘पेरणी करण्यात आली, खुरपणी करण्यात आली’ हे वळण कर्त्याला वाक्याबाहेर ठेवते, आणि त्याचे समर्थन वस्तुनिष्ठतेच्या नावाने केले जाते. परंतु न्यायाच्या दृष्टीने शब्दाचे प्रामाण्य शेवटी कोणाच्या तरी प्रत्यक्षावर उभे असते, आणि शेतातल्या प्रयोगात ते प्रत्यक्ष बहुधा रोजंदारीवर आलेल्या स्त्रियांचे आणि प्रक्षेत्र सहायकांचे असते. म्हणजे लेखक ज्याला स्वतःचे पाहणे म्हणून सांगतो, तेही त्याला शब्दानेच कळलेले असते. ब्रॉडबाल्कच्या नोंदींतून मुलांचे हात निसटले होते. आजच्या निबंधांतून हे हात त्याच रीतीने निसटतात, आणि आभारांच्या परिच्छेदात अनुदान देणाऱ्या योजनेचे नाव येते, त्यांचे येत नाही.

काढणीच्या दिवशी प्रत्येक वाफ्याच्या पेंढ्या बांधल्या जातात आणि त्यांना प्रक्रियेचा व पुनरावृत्तीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी अडकवली जाते. पहाटेच्या दवाने शाई फुटते म्हणून ती शिसपेन्सिलीने लिहितात, आणि मळणीनंतर एक चिठ्ठी धान्याच्या पिशवीत टाकून दुसरी तोंडाशी बांधतात. गठ्ठे डोक्यावरून खळ्यावर नेणाऱ्या एखाद्या बाईने संध्याकाळी सांगितले की दुसऱ्या गटातल्या दोन पेंढ्यांच्या चिठ्ठ्या वाटेत सुटल्या होत्या आणि त्या अंदाजाने पुन्हा बांधल्या, तर तिने पाहिले आहे, आणि जसे पाहिले तसे सांगण्याची तिची इच्छा आहे. वात्स्यायनाच्या लक्षणात ती पूर्णपणे बसते. तिचे म्हणणे त्याच दिवशी, तारखेसह आणि तिच्या नावासह, फील्ड बुकात उतरले पाहिजे, त्या दोन वाफ्यांचे आकडे विश्लेषणातून वगळले गेले पाहिजेत, आणि ते का वगळले हे हस्तलिखिताच्या साहित्य व पद्धती या भागात स्पष्ट शब्दांत लिहिले गेले पाहिजे, मग त्यामुळे क्रांतिक फरक वाढून अपेक्षित निष्कर्ष हातचा गेला तरी.